चौथ्या ओळीआधीचा श्वास

तबकडी संपेपर्यंत आईने ग्रामोफोनच्या लाकडी पेटीवर तळहात ठेवला होता. सत्तावीस वर्षे कापडगिरणीतल्या मागांच्या गडगडाटात उभी राहिलेली बाई कानांनी नव्हे, हातांनी ऐकते. सुई खरखरू लागली तेव्हा तिने हात उचलला, एप्रनला पुसला आणि म्हणाली, "गाणं बरं आहे. ही पोरगी कोण?"

"मी आहे, आई."

तिने माझ्या ओठांकडे पाहिले, मग पुन्हा पेटीकडे. "असं होय," ती म्हणाली आणि चहाचे पाणी ठेवायला आत गेली.

तो १९६८चा फेब्रुवारी होता. उत्तर इंग्लंडमधल्या अक्रिंग्टनच्या आमच्या गल्लीत धुराड्यांची काजळी बसून बर्फ जुन्या वर्तमानपत्राच्या रंगाचा झाला होता. त्या आठवड्यात माझे गाणे देशाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सतरावे होते. शेजारणी खिडक्यांतून हात हलवत होत्या, आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून एवढाच विचार करत होते, की आईने मला ओळखले नाही.

खरे सांगायचे तर मीही ओळखले नव्हते.

तबकडीवर नाव लॉरी फेन असे होते, आणि पाकिटाच्या मागे वय एकोणीस. नाव डेरेक हॅलमने दिले होते, वयही त्यानेच. मी हिल्डा थ्रप, सव्वीस वर्षांची, त्यातली आठ मागखात्यात काढलेली. हॅलम माझा व्यवस्थापक होता आणि ध्वनिमुद्रणही तोच करी. लंडनमधल्या त्याच्या तळघरातल्या स्टुडिओत, काचेपलीकडे, तो बोटांत न पेटवलेली सिगारेट फिरवत बसलेला असे. "सात वर्षं म्हणजे काय गं," तो म्हणाला होता, "कोटावरची धूळ. झटकली की गेली." नाव गेले तेव्हा मी हसले होते. वय गेले तेव्हाही. घरातून एकेक वस्तू नाहीशी होते तेव्हा पहिल्या दोन जाणवत नाहीत. तिसरी जाते, आणि मग माणूस दिवा घेऊन खोल्या मोजू लागतो.

तबकडीवरचा आवाज कोवळा होता, काचेच्या मण्यांसारखा. त्यात पहाट होती; माझ्या आवाजात नेहमी गिरणीची पाळी सुटतानाची संध्याकाळ असते. आणि तो श्वास. चौथ्या ओळीच्या मध्यावर मला थांबावे लागते, कारण कापसाचे तंतू छातीत राहून गेले आहेत. मी ते थांबणे चौथ्या ओळीच्या आधी ओढून आणते, एक लहानसा श्वास चोरून घेते आणि त्याला किंचित धार लागते. तबकडीवर नेमक्या त्याच जागी श्वास होता. पण तो इवलासा होता, चपळ, कधी धूळ न खाल्लेल्या छातीतून आलेला. मी पंचवीस वेळा सुई मागे नेली असेल. माझ्या जागी कुणीतरी श्वास घेतला होता. चोर आधी घर पाहून गेला होता.

मग नोव्हेंबरमधली ती दुपार आठवली.

मागखात्यात आम्ही बोलत नसू, कारण ऐकू काहीच येत नसे. आम्ही ओठ हलवत असू आणि पाच माग पलीकडची बाई तिच्या नवऱ्याविषयी काय सांगते आहे ते वाचत असू. ही विद्या गिरणी सोडली तरी सुटत नाही. बसमध्ये, चर्चमध्ये, दुकानाच्या काचेआड, लोक आपापली गुपिते माझ्यासमोर उघडी टाकून बसतात. हॅलमला हे ठाऊक नव्हते. त्या दुपारी सहावे मुद्रण संपवून मी कोट चढवत होते, आणि काचेपलीकडे तो एव्हरिल पास्कशी बोलत होता. एव्हरिल क्रॉयडनची, अठरा वर्षांची. गाण्यामागचे नुसते हुंकार गायला तिला बोलावत. हॅलमचे ओठ मला स्वच्छ दिसले. तो म्हणाला, "ती जाऊ दे. मग आपण ते नीट करू. तिला सांगायचं नाही."

एव्हरिलने मान डोलावली. मग वळून माझ्याकडे पाहिले आणि ती हसली.

तेव्हा मला वाटले होते, वाढदिवसाचा केक वगैरे असेल.

लंडनला परतले ती वेगळी होऊनच. संशय हा पाहुणा नाही, तो भाडेकरू आहे. आला की आपले सामान लावून टाकतो. एव्हरिल मधाचा चहा आणून द्यायची. "घसा कसा आहे आज?" ती विचारायची, आणि पूर्वी ज्यात माया ऐकू येत असे त्यात आता मला चौकशी ऐकू येई. ती कोटांच्या खोलीत गुणगुणत असली की मी दाराबाहेर थबकायची. कोवळा आवाज, काचेचे मणी. एकदा तिने मला तिथे उभे असलेले पाहिले.

"काय गं, भूत पाहिल्यासारखी?"

"काही नाही. तुझा आवाज छान लागलाय."

"छान कसला. वीतभर आवाज," ती म्हणाली. "दोन मजले चढले की संपतो."

तिने हे इतक्या सहज म्हटले, की मला ते पाठ केल्यासारखे वाटले.

गाणे चौदावे झाले त्या सोमवारी हॅलमने आम्हांला एकत्र बसवले. गुरुवारी संध्याकाळी दूरदर्शनवर गाणे होणार होते. सगळा देश चहा आटोपून ज्या कार्यक्रमापुढे बसतो, त्या कार्यक्रमात. तिथे कुणी खरोखर गात नसे. ध्वनी वाजे आणि गायक ओठ हलवत. पण वादकांच्या संघटनेचा नियम होता, की दुकानातली तबकडी वाजवायची नाही. त्या आठवड्यात, तीन तासांत, सगळे वादक पुन्हा बोलावून गाणे नव्याने मुद्रित करायचे, आणि संघटनेचा माणूस समोर बसून ते पाहणार.

"आणि आपण ते करतो का?" पियानोवाल्या रेग डॉकरीने मला डोळा मारत विचारले. रेग पन्नाशीचा होता; तो हसला की त्याच्या खांद्यांवरचा कोंडाही हसे.

"करतो की," हॅलम म्हणाला. "अर्धा तास करतो. मग मी संघटनेच्या प्लमरसाहेबांना कोपऱ्यावरच्या पबमध्ये नेतो, घसा ओला करायला. तेवढ्यात फीत बदलते. डब्यावर शिक्का नव्या मुद्रणाचा, आत मूळ रेकॉर्डचीच फीत. प्लमरसाहेब परत येतात, ऐकतात, म्हणतात, वा, हुबेहूब. आणि सही करतात."

"दर वेळी?"

"दर वेळी. तीन तासांत हुबेहूब जमवणारा देश आहे हा."

सगळे हसले. मी हॅलमच्या ओठांकडे पाहत होते. म्हणजे गुरुवारी तोच आवाज वाजणार. दिव्यांखाली मी उभी असेन आणि माझे ओठ त्या दुसऱ्या मुलीच्या मापाने हलतील; आणि अक्रिंग्टनमध्ये शेजारच्या मिसेस हिंडलच्या बैठकीत माझी आई, जिला या जगात फक्त ओठ उरले आहेत, माझे ओठ वाचत बसेल. अख्खा देश फसला तर फसो. तिला पहिल्या ओळीतच कळले असते.

बुधवारी सकाळी मी लवकर पोहोचले. रेग आधीच येऊन तबकडीबरोबर पियानो वाजवून पाहत होता आणि कपाळाला आठ्या घालत होता.

"या रेकॉर्डला ताप आलाय," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे पियानो तरी उतरलाय, नाहीतर मी." त्याने झाकण आपटले. "थंडी आहे, पोरी. सगळंच उतरतं."

मी ते सोडून दिले. माझे लक्ष जिन्याकडे होते. मिस्टर प्लमर उतरत होते: उंच, वाकलेले, हातात हॅट, एके काळी नाचघरांत क्लॅरिनेट वाजवलेले. मी त्यांना मधल्या बोळात गाठले.

"मिस्टर प्लमर, एक सांगायचं होतं. आज तुम्हांला पबमध्ये नेतील. नेलं की फीत बदलणार आहेत."

त्यांनी हॅट एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मला वाटले, त्यांना धक्का बसला आहे.

"बाई," ते म्हणाले, "मी चौदा वर्षं नाचघरात वाजवलंय. फीत बदललेली मला कळत नाही, असं वाटलं तुम्हांला?"

"मग?"

"मग काय. वादकांना दोनदा काम मिळतं, नियम राहतो, कार्यक्रम होतो. सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी म्हणत नाही, म्हणून ते चालतं." त्यांचा आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता. "आता तुम्ही म्हणालात. आता मला बसावं लागेल."

आणि ते बसले. साडेअकराला हॅलमने टाळी वाजवली. "चला प्लमरसाहेब, घसा ओला करू."

"नको. आज घसा ओलाच आहे."

"अहो, एक ग्लास."

"तुम्ही जाऊन या, मिस्टर हॅलम. मी इथे बरा आहे." त्यांनी हॅट मांडीवर ठेवली.

हॅलमच्या बोटांतली सिगारेट थांबली. त्याने काचेतून एकेकाचा चेहरा पाहिला: ढोलकरी, गिटारवाले, रेग. माझ्यापाशी त्याची नजर क्षणभर टेकली आणि पुढे गेली. प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहत होता आणि प्रत्येक चेहऱ्यावर एकच प्रश्न होता. मला त्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक होते. ते एक वेगळेच एकटेपण असते.

"ठीक," हॅलम म्हणाला. "मग गाऊ या खरंच."

पहिल्या मुद्रणात माझा आवाज थरथरला. दुसऱ्यात तो त्याच्या जागी बसला: माझा, जाड सुताचा, पाळी सुटतानाचा. मागे एव्हरिल हुंकार देत होती, आणि प्रत्येक हुंकार माझ्या पाठीवर बोट ठेवल्यासारखा लागत होता. चौथ्या ओळीआधी मी श्वास घेतला आणि तो मला ऐकू आला, आणि मी थांबले.

"काय झालं?" रेगने विचारले.

मी वळले. "ही ओळ तू गा, एव्हरिल."

"मी?"

"तुला येते. रेकॉर्डवर तूच गायली आहेस."

तिचे तोंड उघडे राहिले. "लॉरी, काय बोलतेस हे?"

"नोव्हेंबरात मी गेल्यावर. ते नीट करायला. मला सांगायचं नाही असं ठरवून."

एव्हरिलचा चेहरा पांढरा पडला, आणि तो पांढरेपणा मी कबुली म्हणून वाचला. "मी नाही गायले," ती म्हणाली. "शपथ घेऊन सांगते."

"मग कोण गायलं?"

तिने काचेकडे पाहिले. काचेआड हॅलम होता. त्याने मान हलवली, अगदी थोडी, दोनदा. एव्हरिलने ओठ मिटले.

"बघा," मी सगळ्यांना म्हणाले. "बोलतच नाही."

"तू मला एवढंच ओळखलंस?" ती म्हणाली. तिने कोट घेतला. जिना चढताना तिच्या टाचांचा आवाज वर वर जात राहिला, आणि मला आठवते, त्या आवाजाने मला समाधान वाटले होते. उरलेली दोन मुद्रणे हुंकारांशिवाय झाली. चांगले निघालेले दुसरे मुद्रणच होते, मी थांबेपर्यंतचे. पुढचा भाग चौथ्यातून जोडला. मिस्टर प्लमरनी डबा बंद केला, चिकटपट्टीवर सही केली आणि काखेत धरून ते निघून गेले. मला त्यांनी नमस्कार केला नाही.

गुरुवारी माझा आवाज देशभर वाजला. कपाळावर गरम दिवे, चार मुली माझ्यापुढे नाचायला उभ्या केलेल्या. गाणे सुरू झाले आणि मी नुसते ओठ हलवले नाहीत. पूर्ण गळ्याने, मायक्रोफोन बंद असताना, मी माझ्याचबरोबर गायले. नाचणाऱ्या मुली पहिल्या कडव्यातच घुटमळल्या. गाणे त्यांच्या पायांना जड लागत होते. त्यांतली एक, कुरळ्या केसांची, मैत्रिणीकडे वळली. तिचा आवाज मला ऐकू आला नाही, तरी दिसला: "ही ती नाही."

शनिवारच्या वर्तमानपत्राने तेच मोठ्या अक्षरांत छापले. लॉरी फेनची तबकडी खरोखर गायली कुणी? आत एका शहाण्या माणसाने दोन्ही आवाजांची तुलना करून खात्रीने लिहिले होते, की पडद्यावर दिसलेल्या मध्यमवयीन वाटणाऱ्या बाईचा त्या तबकडीशी काही संबंध नसावा. पुढच्या आठवड्यात गाणे एकतिसावे होते, त्याच्या पुढच्या आठवड्यात कुठेच नव्हते. मी ज्या डोळ्यांनी एव्हरिलकडे पाहिले होते, त्याच डोळ्यांनी आता दूधवालाही माझ्याकडे पाहत होता.

आईचे पत्र आले, शुक्रवारी लिहिलेले. तिची पत्रे दोन ओळींची असतात. "मिसेस हिंडलच्या टीव्हीच्या पेटीवर हात ठेवला होता. काल तू होतीस."

ते पत्र मी पर्समध्ये ठेवले आणि मला वाटले, संपले. मी माझा आवाज परत आणला होता. बाकी सगळे गेले तरी हिशेब स्वच्छ होता.

दहा दिवसांनी रेगने मला टूटिंगला त्याच्या घरी बोलावले. रविवारची दुपार होती. त्याची बायको भाजलेल्या मांसाचा वास मागे ठेवून बहिणीकडे गेली होती. टेबलावर ग्रामोफोन होता आणि त्यावर माझी तबकडी.

"ताप आठवतो?" तो म्हणाला.

"कसला?"

"मी म्हणालो होतो, रेकॉर्डला ताप आलाय. तेव्हा सोडून दिलं, कारण मी गाढव आहे. काल स्टुडिओत पियानो जुळवणारा येऊन गेला. पियानो ठीक आहे, पोरी. नोव्हेंबरात आपण पांढरी दोनच्या पट्टीत वाजवलं, माझ्या कागदावर लिहिलंय. रेकॉर्ड त्याहून उंच, जवळजवळ पांढरी तीनमध्ये आहे. तोच पियानो, माझीच बोटं, आणि पट्टी दुसरी."

"मला कळत नाही."

"कळणार नाही. ऐक."

त्याने सुई ठेवली. कोवळा आवाज सुरू झाला, ती मुलगी, काचेचे मणी. मग रेगने आपला जाड अंगठा तबकडीच्या कडेवर टेकवला, हलकेच, झोपलेल्या मुलाच्या कपाळावर टेकवावा तसा. तबकडी मंदावली. मुलगी खाली उतरू लागली, एकेक पायरी. तिच्या आवाजात रंग भरला, सूत जाड झाले, पहाटेची दुपार झाली, दुपारची संध्याकाळ. आणि चौथ्या ओळीआधी एक श्वास आला, लहानसा, चोरलेला, किंचित धारेचा. त्यात कापूस होता.

तो माझा श्वास होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत मीच होते.

"फीत वेगाने फिरवली त्याने," रेग म्हणाला. "एकोणीस वर्षांची करायला."

मागे एव्हरिलचे हुंकारही उतरले होते, तिच्या वीतभर आवाजात, आपल्या जागी, मला टेकू देत. मी गेल्यावर तिने पाहिले असणार: हॅलमची बोटे, ती कळ, मी उंच उंच होत जाताना. त्यांना ते मला सांगायचे नव्हते, कारण सांगितले असते तर मला कळले असते, की त्याला माझा आवाज म्हातारा वाटला. काचेआडून हॅलमने दोनदा मान हलवली तेव्हा तिने ओठ मिटले, ते त्याच्यासाठी की माझ्यासाठी, हे मला आजही ठाऊक नाही.

रेगने अंगठा उचलला. मी पुन्हा वर पळाले आणि परकी झाले.

"एव्हरिल कुठे आहे?" मी विचारले.

"हॅलम तिला बोलावत नाही. दुसरेही नाहीत, फीत बदलण्याची चुगली तिनेच केली, असं झालंय सगळीकडे. भांडण करून निघून गेली ना, म्हणजे तीच." तो माझ्याकडे पाहत राहिला. "तीच ना?"

मी कोटाची बटणे लावली. "नाही," मी म्हणाले. "मी."

रेगचे खांदे हसले नाहीत. तो उठला, तबकडी पाकिटात घातली आणि माझ्या हातात दिली. "क्रॉयडनला आहे," तो म्हणाला. "हाय स्ट्रीटवर मोठं दुकान आहे ना, तिथे अत्तरांच्या विभागात."

सोमवारी मी गेले. दुकानाची काच मोठी होती आणि आत दिवे लागलेले होते. एव्हरिल काउंटरमागे उभी होती, केस मागे बांधलेले, काळा पोशाख. तिच्या शेजारच्या मुलीने मला बाहेर थांबलेले पाहिले आणि काहीतरी विचारले. एव्हरिलने मान वर केली. आम्ही एकमेकींकडे पाहिले, रस्त्यावरून एक बस निघून जाईल इतका वेळ. मी काचेपलीकडे, गिरणीच्या भाषेत, आवाज न करता म्हणाले: तू नव्हतीस. मला कळलं. तिला ती भाषा येत नव्हती. तिला फक्त एक बाई ओठ हलवताना दिसत होती, जशी मी टीव्हीवर सगळ्यांना दिसले होते.

ती शेजारच्या मुलीकडे वळली. तिचे ओठ मला स्वच्छ दिसले. "ओळखीची नाही," ती म्हणाली.

मी ते बरोबर वाचले होते. नोव्हेंबरातही मी प्रत्येक शब्द बरोबर वाचला होता. काच थंड होती आणि तिच्यावर माझ्या श्वासाचा एक लहानसा ठिपका उमटून जात होता. मी तबकडी काखेत घट्ट धरली आणि दुकानाचे दार ढकलले.